चिंचोका, हरभरा, ज्वारी

ऊसतोडीहून परतणारा ट्रॅक्टर वाडीच्या वेशीत थांबला, की बाया आधी मारुतीला हात जोडायच्या आणि मग आपापली बोचकी उतरवायच्या. मनकर्णा बोचकं ट्रॉलीतच ठेवून आधी घराच्या पाठीमागे जायची. कुलूप उघडणं नंतर. सहा महिने बंद राहिलेल्या घराची तब्येत तिला दारातून नाही, पाठीमागून कळायची.

घर दोन खोल्यांचं, वर स्लॅब, शिरूर कासारला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. आठ वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा गावठाणात जागा उरली नव्हती, म्हणून गावाबाहेर, शेताच्या काळ्या जमिनीत पाया खणला. दुसऱ्याच वर्षी मागच्या खोलीच्या कोपऱ्याजवळ जोत्याच्या काँक्रीटला भेग पडली. जमिनीतून निघून ती हातभर वर चढली आणि खिडकीखालच्या भिंतीत शिरली.

मनकर्णा भेगेसमोर उकिडवी बसली. कमरेच्या चंचीतून तिनं तीन दाणे काढले. एक ज्वारीचा, एक हरभऱ्याचा आणि एक चिंचोका. हे तिचं माप. नुसती ज्वारी शिरली तर चिंता नाही, हरभरा शिरला तर धुळाजी मिस्तरीला सांगावा धाडायचा. चिंचोका आजवर कधी शिरला नव्हता. यंदा तो आडवा शिरला आणि आत गडप झाला. बाहेर काढायला काडी शोधावी लागली.

“काय म्हनती?” मागून रामकिसननं विचारलं. नवऱ्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती, ती त्यानं अजून उतरवली नव्हती.

“चिंचोका.”

“लोक घरी आले की थोरामोठ्याच्या पाया पडत्यात. आमची बाई भेगंची वटी भरती.”

“हसा. भिंत पडंल तवा बी असंच हसा.”

पेटी खाली ठेवून रामकिसन वाकला, एक डोळा मिटून त्यानं भेगेत पाहिलं. “पल्याडचा उजेड दिसत न्हाई. म्हंजी अजून घरच हाय,” असं म्हणून तो कुलूप काढायला गेला. पण जाताना त्यानं भिंतीवर तळहात टेकवला, बैलाच्या पाठीवर टेकवतात तसा. मनकर्णाला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धुळाजी मिस्तरी थापी घेऊन हजर झाला. त्याला बोलवावं लागत नसे.

“पाडव्याला गुढी आन् वहिनीच्या भेगंला सिमिट,” तो म्हणाला. “सण चुकवायचा न्हाई.”

सहा वर्षं तो हेच करत आला होता. टोळी परत आली की हातात वेळ असायचा, सिमेंट आणता यायचं, उन्हाळ्यात काम पटकन सुकायचं. तो भेग साफ करायचा, त्यात सिमेंट ठासून भरायचा आणि वरून पाटीभर कौतुक करून घ्यायचा. श्रावणात मात्र त्या भरलेल्या रेषेपासून वीतभर अंतरावर नवी भेग उमटायची. पुढच्या वर्षी धुळाजी ती भरायचा. मागच्या भिंतीवर आता सहा पट्टे झाले होते, काही फिकट, काही गडद. वाघाच्या पाठीसारखे.

धुळाजी पाण्यात सिमेंट कालवणार तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला. गावच्या शाळेतल्या ज्योत्स्नाबाई पाटोद्याहून रोज येऊन-जाऊन करत. विज्ञान शिकवत आणि बोलताना शब्द मोजूनमापून वापरत. त्यांनी हेल्मेट काढलं, पण उतरल्या नाहीत.

“मनकर्णाताई, एक विचारायचं होतं. टोळ्या गेल्या की आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली आई-बापांबरोबर फडावर जातात. येतात तेव्हा वर्ष संपलेलं असतं. शाळा समितीनं ठरवलंय की या वर्षी अकरा मुलींना गावातच ठेवायचं. एका घरात, एका बाईच्या देखरेखीखाली. धान्य, गॅस, मानधन समिती देईल. घर पाहिजे आणि बाई पाहिजे.”

“घर कुनाचं?”

“तुमचं विचारतेय. आणि बाईसुद्धा.”

मनकर्णा अंगणातलं गवत काढत होती. तिच्या हातातलं खुरपं तसंच हवेत राहिलं. एकवीस हंगाम ती ऊस तोडत आली होती. तिची धाकटी, संस्कृती, यंदा आठवीत जाणार होती. आजवर हंगामात ती पाटोद्याला मामाकडं राहायची, पण मामा आता पुण्याला कंपनीत लागला होता. येत्या दसऱ्यानंतर पोरीला फडावर न्यायचं की कुणाच्या दारात ठेवायचं, हा प्रश्न मनकर्णा फडावर असल्यापासूनच उशाशी घेऊन झोपत होती.

“एक अट आहे,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांची नजर मागच्या भिंतीवरच्या पट्ट्यांवरून खाली उतरली. “घर धोक्याचं नाही, असं इंजिनियरनं लिहून द्यायला हवं. दसऱ्याच्या आधी ते येतील.”

“आत्ता भरतो की,” धुळाजी म्हणाला. “दसऱ्यापत्तोर दगड हुईल.”

“थांबा, मिस्तरी,” मनकर्णा म्हणाली. “सहा बारी भरली. सातव्या बारी आधी बगू द्या, ती फाटती कावून.”

धुळाजीनं थापी घमेल्यात टाकली. “भेगंला काय कावून असतंय का? वय झालं की फाटतं.”

“आठ वर्साच्या घराचं वय?”

त्यावर रामकिसन इतका हसला की त्याच्या चहाचा कप हिंदकळला.

त्या दिवशी मनकर्णानं घराभोवती तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत तिला भेगेशिवाय काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत दिसलं की जमीनही भेगाळली आहे. मागच्या भिंतीलगत काळी माती भिंतीपासून सुटून बाजूला झाली होती, मध्ये हात जाईल एवढी फट. तिसऱ्या फेरीत ती पुढच्या कोपऱ्यावर आली आणि थबकली. तिथं तिचा धुण्याचा दगड होता. या कोपऱ्यावर एकही चीर नव्हती, जमीन भिंतीला घट्ट चिकटलेली होती आणि दगडाच्या खाली हिरवंगार शेवाळ होतं.

सहा महिने बंद असलेलं घर, चैत्राचं ऊन, आणि धुण्याच्या दगडाखाली शेवाळ?

“भिवराआत्या!” तिनं शेजारी हाक मारली.

भिवराबाई सत्तरीला आलेली, एकटी राहणारी, गाव सोडून कुठं न जाणारी. ती दारात आली, पण उंबरा ओलांडेना.

“आत्या, आमी न्हवतो तवा हितं कोन धुनं धुत होतं?”

“मला काय म्हाईत? कुत्री-मांजरं येत्यात.”

“कुत्री साबन लावत्यात?” मनकर्णानं दगडाच्या फटीतून निळ्या साबणाचा तुकडा उचलून दाखवला.

भिवराबाईनं पदर सारखा केला. “माझा दगूड फुटलाय सात वर्सं झाली. तुमचा रिकामाच पडलेला. दगूड झिजतो का ग तेवढ्यानं? लई लागलं असंल तर घे, माझ्या लुगड्याला तुझ्या दगडाचा काय रंग लागला असंल तर काढून घे!”

“आत्या, किती बारी धुता?”

“रोज. का? मी घान हाय का?”

“रोज? सा म्हईनं रोज?”

“आता तू मला जेलात घालती का काय!”

मनकर्णानं पुढं होऊन म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि खदखदून हसायला लागली. भिवराबाईला काही कळेना. तिनं आधी हात सोडवून घेण्याचा प्रयत्न केला, मग तीही हसली, उगाच, सोबत म्हणून.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मनकर्णानं ज्योत्स्नाबाईंना गाठलं आणि एका दमात सांगितलं. “पुढचा कोपरा भिवराआत्याच्या पान्यानं बारा म्हईनं वला ऱ्हातो. तितं चीर न्हाई. मागल्या बाजूला आमच्या मोरीचं पानी. आमी हाय तवर पानी हाय. आमी गेलो की सा म्हईनं थेंब न्हाई. भेग तितंच. बाई, वलं कोरडं, वलं कोरडं, ह्यानंच हुतंय का?”

ज्योत्स्नाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण त्यांनी लगेच होकार दिला नाही. “बघू या,” त्या म्हणाल्या. “खात्री करून घेऊ.”

दुसऱ्या दिवशी मनकर्णाच्या ओसरीवर लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या मांडल्या गेल्या. एकीत मागच्या अंगणातली वाळलेली काळी माती कुटून, चाळून भरली. दुसरीत गावठाणाच्या टेकाडाचा मुरूम. दोन्हींत चार बोटं. ज्योत्स्नाबाईंनी बाहेरून काचेवर पेनानं रेघ मारली, वरून पाणी ओतलं आणि सांगितलं, “उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही.” त्या रात्री रामकिसन बरण्यांजवळ खाट टाकून झोपला. मांजर येईल म्हणाला.

सकाळी मुरूम रेघेवरच होता. काळी माती मात्र रेघेच्या दोन बोटं वर चढून बसली होती.

धुळाजी मिस्तरी आला, बरण्यांसमोर बसला आणि त्यानं रेघेपासून वर बोटं लावून पाहिली. मग त्यानं विचारलं, “ही माती रातीतनं फुगली?”

“फुगली. आणि वाळली की परत आकसते,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “हिवाळ्यात हे लोक गेले की मागची माती वाळते, आकसते, पायाखालचा आधार सरकतो, भेग उघडते. उन्हाळ्यात ती सगळ्यात रुंद असते. पावसाळ्यात माती फुगते आणि भेग मिटायला निघते.”

“आन् मी तिला उन्हाळ्यात सिमिट भरून ठिवतो,” धुळाजी हळूच म्हणाला.

“मग तिला मिटायला जागा राहत नाही. ती शेजारी फाटते.”

“सा वर्सं!” धुळाजीनं कपाळावर हात मारला. “सा वर्सं मी पाचर मारत होतो की वो! लाकूड फोडायला मारत्यात तशी! रामकिसनराव, तुमचं घर मी फोडलं!”

“फोडलं न्हाई. फुटलं असतं तर माज्या बायकूनं तुला सोडलं असतं का?” रामकिसन म्हणाला आणि त्याच्यापुढं चहा सरकवला. “पी. आता जोडायचं बग.”

“माजा आजा सांगायचा,” धुळाजी चहा फुंकत म्हणाला, “जुनी लोकं पांढरीत, गावठानाच्या टेकाडावर, ऱ्हायची, काळीत पिकवायची. मला वाटायचं, देवाचं काय तरी असंल. ती बरनी बगा आता. देवाचं न्हाई, मुरमाचं हाय.”

त्या उन्हाळ्यात धुळाजीनं भेग भरली नाही. उलट त्यानं आपलेच सहा पट्टे छिन्नीनं एकेक करून उकरून काढले. दर पट्ट्याला तो त्या-त्या वर्षाची आठवण सांगायचा. “ह्या साली माज्या पोरीचं लगीन. हा बग, घाईत भरलाय, दिसतंय का?” मग तिघांनी मिळून चारही भिंतींलगत दोन फूट रुंद, तीन फूट खोल चर खणला. एका दमात सगळा नाही. चार-चार हातांचा तुकडा खणायचा, भरायचा, मग पुढचा, म्हणजे पाया उघडा पडत नाही. काळी माती काढून शेतात टाकली आणि चरात टेकाडाचा मुरूम पाणी मारून थराथरानं धुम्मसानं, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्यानं, ठोकला. एकवीस हंगाम ऊस तोडणाऱ्या मनकर्णाच्या हाताला धुम्मस जड नव्हता. धुळाजीच दर दहा ठोक्यांनी बसायचा आणि म्हणायचा, “वहिनी, तुमी कोयता सोडताय ते बरंच हाय. ऊस सुटला बिचारा.”

मोरीचं पाणी पाइपानं परसाच्या टोकाला नेलं, भिंतीपासून दहा पावलांवर, जिथं पपईची चार झाडं होती. धुण्याचा दगडही तिथंच हलवला. म्हणजे भिंतीजवळ आता पाणी मुरणारही नाही आणि एकदम आटणारही नाही. चरावर भिंतीला चिकटून तीन फुटांची फरसबंदी घातली, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. ऊन मातीला लागायचं नाही आणि पाऊस भिंतीशी थांबायचा नाही.

दगड हलवला म्हणून भिवराबाई आठवडाभर रुसली. “दहा पावलं लांब नेला. माजे गुडघे कुनी मोजले का?”

“आत्या, दगूड आता तुमचा बी हाय. चोरून धुवायची गरज न्हाई.”

“चोरून धुन्यात मजा हाय ग,” भिवराबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून बादली घेऊन मागच्या भिंतीलगतच्या नव्या फरशीवरून ऐटीत ये-जा करू लागली.

पावसाळाभर मनकर्णा दर शनिवारी दाणे लावायची आणि संस्कृती वहीत लिहायची. ज्येष्ठात हरभरा. आषाढात हरभरा, पण घट्ट. श्रावणाच्या दुसऱ्या शनिवारी हरभरा शिरेना. गौरी उठल्या तेव्हा ज्वारी, आणि तीही जेमतेम. पुढचे दोन शनिवार ज्वारीच. यंदा नवी भेग कुठं उमटली नाही. तेव्हा धुळाजी म्हणाला, “आता माजी पाळी.” त्यानं भेगेला आडव्या खाचा घेतल्या, त्यांत वाकवलेल्या सळईचे तुकडे टाके घातल्यासारखे बसवले, आणि भेगेत या वेळी नुसतं सिमेंट नाही, बीडहून आणलेलं, वाळल्यावरही थोडं लवचिक राहणारं मिश्रण भरलं, जुन्या सहा पट्ट्यांच्या जागीही तेच. वरून ज्योत्स्नाबाईंनी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाच्या पेटीतल्या दोन काचपट्ट्या भेगेवर आडव्या चिकटवल्या, एक वर, एक खाली. भेग केसाएवढी जरी सरकली तरी काच तुटणार.

दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना इंजिनियर सतीश आला. पोरसवदा, पण सगळं हातानं चाचपून बघणारा. त्यानं फरशीवर पाणी ओतून उतार पाहिला, काचा पाहिल्या, वही पाहिली. “ज्वारी म्हणजे?” त्यानं विचारलं. मनकर्णानं चंची उघडून दाणे दाखवले. सतीशनं खिशातली मोजपट्टी काढून तिन्ही दाणे मोजले आणि आकडे वहीत दाण्यांच्या शेजारी लिहिले.

“काम चांगलं झालंय, ताई,” तो म्हणाला. “पण तुमच्याच सांगण्याप्रमाणे भेग उघडते ती हिवाळ्यात. आत्ता बंद आहे यात नवल नाही. मी तुम्हाला माघापर्यंत परवानगी देतो. मुलींनी पुढच्या खोलीत झोपायचं. माघात मी परत येईन. तोवर काचा शाबूत राहिल्या तर कायमचं लिहून देईन. तुटल्या तर मुलींना हलवावं लागेल.”

रामकिसन दसऱ्यानंतर भावाच्या जोडीनं हंगामाला गेला. ट्रॅक्टर हलला तेव्हा एकवीस वर्षांत पहिल्यांदा मनकर्णा ट्रॉलीत नव्हती, वेशीत होती. रामकिसन ट्रॉलीतून ओरडला, “वटी भरत जा ग भेगंची!”

मग घरात अकरा मुली आल्या, संस्कृती धरून बारा, आणि घर ओळखू येईना. बारा चपलांचे जोड, बारा ताटं, एक आरसा आणि त्यावरून रोज सकाळी एक भांडण. मनकर्णाला स्वतःच्या घरातला मार्गशीर्ष माहीतच नव्हता. पहाटे पपईच्या पानांवर दव कसं वाजतं, बोरं आधी कुठल्या झाडाची पिकतात, ज्वारी निसवली, कणसं बाहेर आली की वारा कसला वास आणतो, हे तिला भिवराआत्यानं सांगितलं. हुरडा तर तिनं आपल्या शेतातला पहिल्यांदा खाल्ला. दर शनिवारी बारा जणी तिच्यामागं रांगेत भेगेपाशी जायच्या, ती काचांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, “शाबूत.” बारा जणी ओरडायच्या, “शाबूत!” रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी बोट खालच्या काचेवर अडकलं.

काच तुटली होती.

परवा सतीश येणार होता. मनकर्णाच्या डोळ्यांपुढं बारा वळकट्या बांधलेल्या दिसल्या आणि ट्रॉलीत बसलेली संस्कृती.

“काय झालं ग?” भिवराबाई बादली घेऊन आली होती. काच बघून तिचा चेहराच उतरला. ती मनकर्णाच्या कानाशी लागली. “शाळेत हायेत की अजून तसल्या काचा. एक आन, चिकटव. परवाला कुनाला कळतंय?”

“मला कळंल, आत्या.”

“तुला कळू दे की. तुजंच घर हाय.”

“म्हनूनच. भेग खरंच सरकली असंल आन् मी झाकली, तर ह्याच घरात पोरी झोपत्यात.”

ती खाली वाकली. तिनं घाई केली नाही. आधी भेगेच्या रेघेवरून नख फिरवलं. कुठं अडलं नाही. वरची काच पाहिली. अखंड होती. मग तुटलेली काच नीट पाहिली. भेग उभी होती. ती उघडली असती तर काच भेगेवरच उभी तडकायला हवी होती. ही एका कोपऱ्यात फुटली होती, आणि चिरा त्या कोपऱ्यातून पंख्यासारख्या पसरल्या होत्या. शाळेच्या खिडकीला चेंडू लागला की फुटते तशी.

तिनं मान वर केली. भिवराबाईच्या हातातली लोखंडी बादली बरोबर काचेच्या उंचीवर होती.

“आत्या,” ती म्हणाली.

“मी कायबी केलं न्हाई.”

“आत्या, निळा साबन आठवतो का?”

भिवराबाईनं बादली खाली ठेवली. “परवा जरा लागली. टिंग असा आवाज आला. मला वाटलं, बादलीचाच असंल.”

सतीश आला तेव्हा मनकर्णानं त्याला आधी तुटलेली काचच दाखवली. एकही तुकडा तिनं हलू दिला नव्हता. जे पाहिलं ते सांगितलं: नख अडत नाही, वरची काच शाबूत आहे, चिरा कोपऱ्यातून निघाल्यात. सतीशनं भिंग काढून चिरा पाहिल्या, मग वरची काच, मग भेगेचे टाके. बारा मुली दारात दाटीवाटीनं उभ्या होत्या. त्यांच्या मागं भिवराबाई होती.

“ही आदळून फुटलीय,” तो शेवटी म्हणाला. “कशानं?”

सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

“बादलीनं,” भिवराबाई म्हणाली. “साहेब, लिहायचं असंल तर माजं नाव लिवा. भिवराबाई. पोरींना काय करू नका.”

सतीशला हसू आवरेना. त्यानं मांडीवर वही ठेवली आणि लिहायला घेतलं. ज्योत्स्नाबाई त्याच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी मान वर करून मनकर्णाकडं पाहिलं आणि नुसते डोळे मिटून उघडले. एवढं पुरलं. अंगणात जो कल्ला उठला त्यानं पपईवरचे कावळे उडाले.

निघताना सतीश घुटमळला. “ताई, ते दाणे द्याल का? आमच्या ऑफिसातल्यांना दाखवीन.” मनकर्णानं त्याला तिन्ही दाणे चिंधीत बांधून दिले. तिला आता त्यांचं फारसं काम नव्हतं.

चैत्रात ट्रॅक्टर परतला. वेशीत बायांनी मारुतीला हात जोडले, बोचकी उतरली. रामकिसन पेटी ट्रॉलीतच ठेवून आधी घराच्या मागच्या बाजूला गेला. मनकर्णा तिथं कपडे वाळत घालत होती. तिच्याशी एक शब्द न बोलता तो भेगेसमोर उकिडवा बसला आणि खिशातून चिंचोका काढला. फडावरच्या चिंचेखाली वेचलेला, सहा महिने खिशात राहून गुळगुळीत झालेला.

तो त्यानं टाक्यांवर इकडं लावला, तिकडं लावला. चिंचोका घरंगळून फरशीवर पडला आणि उतारानं पार अंगणात गेला. दारात उभ्या पोरी खिदळल्या.

“शिरत न्हाई,” रामकिसन म्हणाला.

“शिरायचा बी न्हाई.”

“म्हंजी म्होरल्या साली मी एकलाच.”

“सध्या एकले. समितीला गडी मानूस बी लागनार हाय, लाकूडफाट्याला, बाजाराला. बाईंनी इचारलंय. तुमी सांगा.”

रामकिसननं चिंचोका उचलून तळहातावर घेतला. त्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि तो हसला. “मग ह्याचं काय करू आता?”

“लावा की. सावली हुईल पोरींना.”

तो तिथंच, भिंतीच्या कडेला, बोटानं माती उकरायला लागला.

“हितं न्हाई!” मनकर्णा आणि बारा पोरी एकदम ओरडल्या. झाड मोठं झालं की जमिनीतलं पाणी ओढतं, माती आकसते, हे आता त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मनकर्णानं ओलं लुगडं दोरीवर टाकलं, नवऱ्याच्या हातातला चिंचोका घेतला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि वीस पावलं मोजत शेताकडं चालायला लागली. तिच्यामागून रामकिसन मोठ्यानं आकडे म्हणत होता आणि मुद्दाम चुकवत होता.